मोजक्या मायक्रोफोनांनी ड्रमसेटचे घरगुती ध्वनिमुद्रण

मोजक्या मायक्रोफोनांनी ड्रमसेटचे ध्वनिमुद्रण म्हणजे एक ते चार मायक्रोफोन वापरून संपूर्ण ड्रमसेटचा आवाज एकसंध वाद्य म्हणून टिपण्याची पद्धत होय. व्यावसायिक स्टुडिओत प्रत्येक ड्रमला स्वतंत्र मायक्रोफोन लावण्याची रीत १९७० च्या दशकात रूढ झाली. त्याआधीची जवळजवळ सर्व ध्वनिमुद्रणे थोड्या मायक्रोफोनांवरच झालेली आहेत. संगणक आणि दोन किंवा चार प्रवेशमार्गांचे स्वस्त ऑडिओ इंटरफेस घरोघरी आल्यानंतर ही जुनी पद्धत घरगुती ध्वनिमुद्रणात पुन्हा प्रचलित झाली. येथे मायक्रोफोनांच्या किमतीपेक्षा त्यांची जागा, खोलीचे गुणधर्म आणि वादकाचे हातावरील नियंत्रण यांना अधिक महत्त्व असते.

संज्ञा

मराठीत 'ध्वनिक्षेपक' हा शब्द मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर या दोन्ही उपकरणांसाठी सैलपणे वापरला जातो. वस्तुतः ही उपकरणे परस्परविरुद्ध कामे करतात. एक आवाज ग्रहण करते, दुसरे तो बाहेर फेकते. हा घोटाळा टाळण्यासाठी या लेखात 'मायक्रोफोन' हाच रूढ शब्द ठेवला आहे. ड्रमसेटमध्ये सामान्यतः पायाने वाजवला जाणारा बास ड्रम, तळाशी तारा ताणलेला स्नेअर, एक किंवा दोन टॉम, जमिनीवर पायांवर उभा राहणारा फ्लोअर टॉम, पायाने उघडझाप होणारी हाय-हॅट ही झांजांची जोडी आणि क्रॅश व राइड या मोठ्या झांजा असतात. वादकाच्या डोक्यावर किंवा ड्रमसेटच्या वर लावलेल्या मायक्रोफोनाला ध्वनिमुद्रक 'ओव्हरहेड' म्हणतात.

इतिहास

एकपदरी (मोनो) ध्वनिमुद्रणाच्या काळात संपूर्ण वाद्यवृंद मोजक्या मायक्रोफोनांसमोर बसत असे आणि ड्रमवादकाच्या वाट्याला बहुधा एकच मायक्रोफोन येई. लंडनमधील ईएमआयच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत बीटल्सच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचे तंत्रज्ञ नॉर्मन स्मिथ हे होते. रिंगो स्टार यांच्या ड्रमसेटसाठी त्या काळी वर एक आणि बास ड्रमसमोर एक असे मायक्रोफोन पुरेसे मानले जात. १९६६ मध्ये 'रिव्हॉल्व्हर' या संग्रहाच्या वेळी जेफ एमरिक यांनी बास ड्रमच्या पोटात लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन कंपनीच्या नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या निकटध्वनिमुद्रणाची ही एक ठळक पायरी मानली जाते.

या विषयातील सर्वांत परिचित नाव इंग्लिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स (जन्म १९४२) यांचे आहे. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत १९६८ मध्ये लेड झेपलिन या वाद्यवृंदाच्या पहिल्या संग्रहाचे काम चालू असताना, ड्रमसेटवरील दोन मायक्रोफोनांचे आवाज अनवधानाने दोन वेगवेगळ्या बाजूंना वळवले गेले आणि अनपेक्षितपणे विस्तीर्ण, त्रिमितीय भासणारा ड्रमसेट ऐकू आला, असे जॉन्स यांनी स्वतः सांगितले आहे. ही मांडणी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्यांचे धाकटे बंधू अँडी जॉन्स यांनी याच वाद्यवृंदाच्या चौथ्या संग्रहासाठी (प्रकाशन नोव्हेंबर १९७१) केलेले काम अनेकदा चुकून थोरल्या भावाच्या नावावर टाकले जाते. हॅम्पशरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, अंगणात उभ्या केलेल्या फिरत्या स्टुडिओच्या साहाय्याने हे ध्वनिमुद्रण झाले. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गीतासाठी जॉन बॉनम यांचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी दालनात मांडला होता आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून बायर एम १६० जातीचे दोन रिबन मायक्रोफोन खाली सोडले होते. बास ड्रमसाठी वेगळा मायक्रोफोन नव्हता. आवाजातील भव्यता उंच जिन्यातल्या निनादातून, कॉम्प्रेसरच्या सढळ वापरातून आणि बिन्सन कंपनीच्या प्रतिध्वनियंत्रातून आली. हा ताल नंतर हिप-हॉप संगीतात वारंवार उचलला गेला. मात्र हे घर असले तरी दहा फुटी छताचे घर नव्हते. ही पद्धत सदनिकेत जशीच्या तशी उतरवू पाहणाऱ्यांची निराशा होते ती याच कारणाने.

घरगुती ध्वनिमुद्रणाचे अधिक जवळचे उदाहरण 'द बँड' या वाद्यवृंदाचे आहे. त्यांचा १९६९ मधील दुसरा संग्रह हॉलिवूडच्या टेकड्यांवरील सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्या घराच्या तरणतलावाशेजारील खोलीत स्टुडिओ उभारून ध्वनिमुद्रित झाला. तेथे लेव्हॉन हेल्म यांच्या ड्रमचा आवाज कोरडा, लाकडी आणि जवळचा आहे.

सोळा व चोवीस पदरी ध्वनिमुद्रणयंत्रे आल्यावर प्रत्येक ड्रमला स्वतंत्र पदर मिळाला आणि समतोल साधण्याचे काम नंतरच्या मिश्रणावर सोपवता येऊ लागले. त्या सोयीबरोबर आठ-दहा मायक्रोफोनांची परस्परांत होणारी गुंतागुंतही आली.

कला आणि अंतर

एकाच ठोक्याचा आवाज दोन मायक्रोफोनांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचला आणि ते दोन्ही आवाज एकत्र केले, तर काही वारंवारता एकमेकींना वाढवतात व काही एकमेकींना मारतात. भौतिकशास्त्रात यास व्यतिकरण म्हणतात. सुमारे २० अंश सेल्सियस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. म्हणजे ३४ सेंटिमीटर अंतर कापण्यास एक सहस्रांश सेकंद लागतो. स्नेअरपासून दोन मायक्रोफोनांच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर ५०० हर्ट्झ आणि तिच्या विषम पटी, म्हणजे १५०० आणि २५०० हर्ट्झ, येथे आवाजात खड्डे पडतात. फरक १७ सेंटिमीटरवर आणला की पहिला खड्डा १००० हर्ट्झपाशी सरकतो. कानाला हा दोष स्नेअर 'पोकळ' किंवा 'नळीतून आल्यासारखा' वाटण्याच्या रूपाने जाणवतो आणि मिश्रणात कितीही खटपट केली तरी तो पुरता जात नाही. म्हणूनच पुढे वर्णिलेल्या जवळजवळ सर्व मांडण्यांत स्नेअरपासून दोन्ही मायक्रोफोनांचे अंतर सारखे ठेवण्यावर भर असतो.

याखेरीज ध्रुवतेचा प्रश्न असतो. बास ड्रमच्या समोर ठेवलेल्या मायक्रोफोनाकडे ठोक्याच्या क्षणी हवा ढकलली जाते, तर स्नेअरच्या वर टांगलेल्या मायक्रोफोनापासून चामडे दूर जाते. दोन्हींचे विद्युत्संदेश त्यामुळे कधी एकमेकांच्या उलट निघतात. बहुतेक इंटरफेसवर किंवा ध्वनिमुद्रणाच्या संगणकप्रणालीत ध्रुवता उलटवण्याचे बटण असते. प्रत्येक मायक्रोफोनासाठी ते एकदा दाबून, एकदा सोडून ऐकावे आणि ज्या स्थितीत खर्जाचा भाग अधिक भरीव वाटेल ती कायम ठेवावी. ही तपासणी दोन्ही आवाज एकपदरी करून ऐकल्यास दोष लगेच उघड होतो.

मायक्रोफोनांमधील परस्पर अंतर त्यांच्या उगमापासूनच्या अंतराच्या तिप्पट असावे, असा एक सर्वपरिचित नियम सांगितला जातो. तो वेगवेगळ्या वाद्यांना वेगवेगळे मायक्रोफोन लावताना उपयोगी पडतो. येथे प्रत्येक मायक्रोफोन संपूर्ण ड्रमसेट ऐकत असल्याने त्याचा फारसा उपयोग नाही.

एक मायक्रोफोन

एकाच मायक्रोफोनाने केलेल्या मुद्रणात व्यतिकरणाचा प्रश्न दोन मायक्रोफोनांमध्ये उद्भवतच नाही. मात्र समतोल पूर्णपणे जागेवर अवलंबून असतो आणि नंतर बदलता येत नाही. जागा शोधण्याची जुनी रीत अशी, की वादक वाजवत असताना दुसऱ्या व्यक्तीने एक कान बोटाने बंद करून ड्रमसेटभोवती हळूहळू फिरावे, वाकावे, उठावे आणि जेथे सर्व अवयव योग्य प्रमाणात ऐकू येतील तेथे मायक्रोफोन ठेवावा. एका कानाने ऐकलेले मायक्रोफोनाच्या ऐकण्याच्या बरेच जवळ जाते. या वेळी कानांच्या संरक्षणाकडे दुर्लक्ष करू नये (पुढे पाहा).

साधारणतः तीन जागा उपयोगी ठरतात. पहिली, ड्रमसेटच्या समोर सुमारे एक ते दीड मीटरवर, छातीच्या उंचीला. मायक्रोफोन खाली आणला की बास ड्रम वाढतो, वर नेला की झांजा वाढतात. दुसरी, वादकाच्या उजव्या खांद्याच्या किंचित वर, स्नेअरकडे रोखलेली. येथे वादकाला जे ऐकू येते त्याच्या जवळपासचा समतोल मिळतो. तिसरी, बास ड्रमच्या वर, टॉमच्या खाली आणि स्नेअरच्या कडेजवळ, अडचणीच्या सांदीत. ही जागा दिसायला विचित्र, पण कमी उंचीच्या खोलीत अनेकदा हीच सर्वांत चांगली ठरते, कारण ड्रम जवळ आणि झांजा दूर राहतात.

दोन मायक्रोफोन

दुसरा मायक्रोफोन मिळाल्यावर दोन पर्याय समोर येतात: बास ड्रमला स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा, की दोन्ही वर लावून द्विपदरी (स्टिरिओ) विस्तार मिळवावा. नवशिक्यांचा ओढा विस्ताराकडे असतो. गीत भरघोस असेल आणि बास ड्रम स्पष्ट ऐकू येणे आवश्यक असेल, तर पहिला पर्याय बहुधा अधिक उपयोगी पडतो. बास ड्रमच्या पुढील चामड्याला छिद्र असल्यास मायक्रोफोन छिद्राच्या तोंडाशी ठेवतात; छिद्र नसल्यास चामड्यापासून काही सेंटिमीटरवर, मध्यबिंदूपासून थोडा बाजूला.

द्विपदरी जोडीसाठी दोन रचना रूढ आहेत. एकीत दोन्ही मायक्रोफोनांची तोंडे एकमेकांवर आणून त्यांच्यात ९० अंशांचा कोन ठेवतात. येथे वेळेचा फरक जवळजवळ शून्य असल्याने आवाज एकपदरी केला तरी बिघडत नाही. दुसरी रचना फ्रेंच नभोवाणीत विकसित झाली. तिच्यात तोंडे १७ सेंटिमीटर अंतरावर व ११० अंशांच्या कोनात असतात आणि विस्तार अधिक मोकळा मिळतो.

ग्लिन जॉन्स पद्धत

या पद्धतीत तीन किंवा चार मायक्रोफोन लागतात. पहिला स्नेअरच्या वर, सुमारे एक मीटर उंचीवर, खाली रोखलेला. दुसरा वादकाच्या उजवीकडे, फ्लोअर टॉमच्या कडेपासून थोडा वर, ड्रमसेटला आडवे छेदून स्नेअर व हाय-हॅटच्या दिशेने पाहणारा. तिसरा बास ड्रमसमोर. गरज भासल्यास चौथा स्नेअरजवळ, पण तो मिश्रणात अगदी थोडा वापरायचा. पहिल्या दोहोंचे स्नेअरच्या मध्यापासूनचे अंतर सारखे ठेवले जाते. त्यासाठी फीत नसली तरी मायक्रोफोनाची केबल किंवा साधी सुतळी चालते.

मिश्रणात वरचा मायक्रोफोन अर्धवट एका बाजूला आणि फ्लोअर टॉमकडचा पूर्णपणे दुसऱ्या बाजूला वळवतात. बास ड्रम मध्यभागी राहतो. त्यामुळे टॉमवरून खाली येणारा हात ऐकणाऱ्याच्या एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकत जातो. बाजूचा मायक्रोफोन झांजांच्या पातळीच्या खाली असल्याने त्यात ड्रमचे लाकूड अधिक आणि झांजांची धार कमी येते, हा या मांडणीचा खरा लाभ होय. राइड झांज फ्लोअर टॉमवर फार खाली झुकलेली असेल तर मात्र हा मायक्रोफोन तिच्याच आवाजाने भरून जातो. अशा वेळी मायक्रोफोन हलवण्याआधी झांज काही सेंटिमीटर वर घ्यावी.

रेकॉर्डरमॅन पद्धत

एका ध्वनिमुद्रकाच्या टोपणनावावरून ओळखली जाणारी ही मांडणी लहान खोल्यांसाठी विशेष सोयीची आहे, कारण तिच्यात मोजमापाचे साधन म्हणजे वादकाच्या हातातील काठ्याच असतात. पहिला मायक्रोफोन स्नेअरच्या मध्याच्या बरोबर वर, दोन काठ्यांच्या अंतरावर लावतात. सामान्य काठी सुमारे ४० सेंटिमीटर लांब असल्याने हे अंतर ८० सेंटिमीटरच्या आसपास येते. दुसरा मायक्रोफोन वादकाच्या उजव्या खांद्यावरून स्नेअरकडे रोखलेला, तोही स्नेअरपासून दोन काठ्यांवर. एवढ्याने स्नेअरचा प्रश्न सुटतो. बास ड्रमचे अंतरही सारखे व्हावे म्हणून एका लांब दोऱ्याचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर व दुसरे बास ड्रमच्या ठोक्याच्या जागी धरून दोरा पहिल्या मायक्रोफोनाच्या तोंडापर्यंत ताणतात. दोऱ्याचा तो बिंदू पकडून, दोन्ही टोके न हलवता, तोच त्रिकोण खांद्याकडे फिरवतात आणि बिंदू जेथे येईल तेथे दुसरा मायक्रोफोन ठेवतात. या क्रियेला तीन माणसे असल्यास बरे. एकट्याने करताना दोऱ्याची टोके चिकटपट्टीने बसवावी लागतात.

दोन्ही मायक्रोफोन ड्रमसेटच्या जवळ राहत असल्याने खोलीचा आवाज कमी येतो. परिणामी स्नेअर व बास ड्रम दोन्ही मध्यभागी स्थिर ऐकू येतात आणि अनेकदा तिसऱ्या मायक्रोफोनाची उणीवही भासत नाही.

खोली

घरातील बहुतेक अपयशांचे मूळ खोलीत असते. समांतर भिंतींमध्ये ठरावीक वारंवारतेच्या ध्वनीच्या स्थिर लाटा तयार होतात. ३.४३ मीटर लांबीच्या खोलीत अशी पहिली लाट ५० हर्ट्झची असते, म्हणजे ऐन बास ड्रमच्या क्षेत्रातली. तिच्यामुळे खोलीच्या मध्यभागी तो खर्ज जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीलगत फुगतो. त्यामुळे ड्रमसेट खोलीच्या नेमक्या मध्यावर मांडू नये.

बाजारात मिळणारे पातळ स्पंज भिंतींना चिकटवले की खोली 'ध्वनिरोधक' होते, हा मोठा गैरसमज आहे. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. तिला शोषण्यासाठी काही सेंटिमीटर स्पंज निरुपयोगी ठरतो. तो फक्त वरचे स्वर मारतो आणि खोली घोंगटलेली वाटू लागते. शिवाय आवाज शोषणे आणि आवाज बाहेर न जाऊ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातील जाड गाद्या, रजया, पुस्तकांनी भरलेली कपाटे आणि कपड्यांचे उघडे कपाट ही साधने स्पंजाहून वाईट नसतात. ड्रमसेटखाली सतरंजी किंवा जाड गालिचा घातल्याने जमिनीवरील परावर्तन घटते आणि बास ड्रम पुढे सरकत नाही.

छताचा विचार सहसा कोणी करत नाही. मायक्रोफोन छतापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर छताला आपटून परत येणारा आवाज सुमारे ६० सेंटिमीटर अधिक प्रवास करतो आणि २८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. यावर उपाय दोनच: मायक्रोफोन खाली आणणे किंवा त्याच्या वर छताशी जाड गादी अथवा रजई बांधणे. पहिला उपाय फुकट आहे.

वाद्य आणि वादक

प्रत्येक ड्रमचा स्वतंत्र पदर नसल्याने वादक हाच येथे मिश्रण करणारा असतो. हाय-हॅटवर जोर देऊन स्नेअर हळू वाजवणाऱ्या वादकाचे मुद्रण या पद्धतीने सुधारता येत नाही. स्नेअर वाढवू गेल्यास हाय-हॅटही तेवढीच वाढते. झांजांवर हात हलका आणि चामड्यांवर भरदार, ही सवय त्यामुळे मायक्रोफोनाच्या निवडीहून महत्त्वाची ठरते. चामडी जुनी व सैल असतील तर ती आधी बदलावीत आणि ड्रम सुरात लावावेत. अनावश्यक गुंजन कमी करण्यासाठी स्नेअरच्या कडेला चिकटपट्टीची घडी किंवा रुमाल ठेवतात, बास ड्रममध्ये उशी ठेवतात. पेडलची किरकिर, सैल नट आणि स्टँडची खडखड ही वाजवताना लक्षात येत नाहीत, ऐकताना मात्र प्रत्येक ठोक्याला ऐकू येतात.

उपकरणे आणि पातळी

वरच्या जागांसाठी कंडेन्सर मायक्रोफोन अधिक तपशील देतात; त्यांना इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. खोली वाईट असेल तर हाच तपशील अडचणीचा होतो आणि साधे डायनॅमिक मायक्रोफोन अधिक सुसह्य निकाल देतात. रिबन मायक्रोफोन झांजांची धार मऊ करतात, पण त्यांच्या मागील बाजूलाही तितकेच ऐकू येते, हे छत जवळ असताना ध्यानात ठेवावे लागते.

मुद्रण २४ बिटांवर करावे आणि सर्वांत मोठा ठोका डिजिटल कमाल मर्यादेच्या सुमारे १० डेसिबल खाली राहील अशी पातळी लावावी. चाचणीच्या वेळी वादक नेहमीच हात राखून वाजवतो; प्रत्यक्ष गीतात तो अधिक जोराने वाजवणार हे गृहीत धरावे. मर्यादा ओलांडून फाटलेला ठोका पुन्हा दुरुस्त होत नाही.

आवाज, शेजार आणि श्रवण

वादकाच्या कानाशी ड्रमसेटचा आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत किंवा त्याहून वर जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याविषयीच्या राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा असून दर ३ डेसिबल वाढीला ती निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. लहान खोलीत भिंतींचे परावर्तन मिळून भार आणखी वाढतो. कानांत बोळे किंवा बंद हेडफोन वापरणे म्हणूनच आवश्यक आहे.

भारतात ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल या मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. इमारतीत खरा त्रास हवेतून जाणाऱ्या आवाजाचा कमी आणि लादीतून खालच्या मजल्यावर उतरणाऱ्या बास ड्रमच्या दणक्याचा अधिक असतो. ड्रमसेट रबर किंवा जाड फोमवर टेकवलेल्या लाकडी मंचावर मांडल्यास तो काहीसा कमी होतो, थांबत नाही. शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवणे आणि गीताचा पुरता सराव करून थोड्या वेळात मुद्रण संपवणे हा व्यवहारातला मार्ग आहे. मोजक्या मायक्रोफोनांची मांडणी लवकर उभी राहते, ही गोष्ट येथे कामी येते. ब्रशने वाजवलेला ड्रमसेट बराच मृदू असतो आणि एका चांगल्या ओव्हरहेडवर उत्तम उतरतो.

मुंबईतील चित्रपटसंगीत

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही थोड्या मायक्रोफोनांची दीर्घ परंपरा आहे. गायक व वाद्यवृंद एकाच वेळी एकत्र मुद्रित होत असल्याच्या काळात समतोल साधला जाई तो वादकांना मायक्रोफोनापासून जवळ किंवा दूर बसवून. या वाद्यवृंदांतील ड्रम व पाश्चात्त्य तालवाद्ये वाजवणाऱ्यांत गोव्यातील आणि पारशी समाजातील वादकांचा मोठा वाटा होता. कावस लॉर्ड आणि पुढील पिढीत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील फ्रँको वाझ ही त्यांपैकी परिचित नावे होत.

मर्यादा

अतिशय गतिमान धातुसंगीतात किंवा प्रत्येक ठोका वेगळा, धारदार आणि सारख्या वजनाचा हवा असलेल्या प्रकारांत ही पद्धत अपुरी पडते. स्वतंत्र पदर नसल्याने एखादा चुकलेला टॉमचा ठोका बदलायचा तर झांजांच्या निनादासह संपूर्ण तुकडा पुन्हा वाजवावा लागतो. बास ड्रम व स्नेअरच्या खाली संगणकातून तयार ठोके मिसळून काही जण ही उणीव भरून काढतात. तसे करताना मिसळलेल्या ठोक्याची वेळ ओव्हरहेडशी जुळवून घ्यावी लागते.